२० टाके, साडेतीन हात

हा जो तुम्हाला दिसतोय ना, मधेच फुगलेला आणि एका बाजूने पळालेला, हा माझा पहिला स्कार्फ. सुरू केला तेव्हा सुईवर २० टाके होते, हातभर विणून झाल्यावर मोजले तर २७. भोकंही पडलेली भरपूर, पण ती जाळीची नव्हती, ती चुकांची होती. मोठी आई आली, हातात घेऊन उजेडाकडे धरून बघितलं आणि म्हणाली, "भोक पाडाले अक्कल नाई लागत पोरी, मोजाले लागते." आणि माझ्या डोळ्यांदेखत सर्रकन सगळा उसवून टाकला. हा फोटो त्याच्या पाच मिनिटं आधीचा आहे, म्हणून वाचला.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. इथे विदर्भ म्हटलं की लोकांना कापूस आणि ४५ डिग्रीचं ऊन एवढंच आठवतं, पण आमच्याकडे धान आहे, तलाव आहेत, आणि थंडी म्हणाल तर २०१८च्या डिसेंबरात नागपुरातच पारा ३.५ वर गेला होता, मग इकडे बांध्यांमधून येणारा वारा कसा लागत असेल बघा. आणि नेमकं ह्याच दिवसांत आम्ही रात्रभर बाहेर बसतो. दिवाळी झाली की गावोगावी मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, मंडई म्हटली की रात्री झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाचं नाटक, नाटक कंपनी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडश्याहून येते, पडदा रात्री उघडतो आणि सुटका पहाटे. खाली धानाचं तणीस, वर शामियाना, बाजूने गार वारा. शाल घेतली तर घसरते, स्वेटर घातला तरी मान उघडी. तर स्कार्फ इथे फॅशन नाही बरं का, गरज आहे.

लोकरीचंही इथे एक वेगळंच नातं आहे. आमच्याच तालुक्यात गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे, नॉर्ग्येलिंग, १९७२ पासूनची. थंडी आली की तिथली माणसं शहरांमधे स्वेटरची दुकानं लावतात, माल बहुतेक लुधियानाचा, मशीनवरचा. त्यामुळे घरी कशाला विणायचं हा प्रश्न मला पण पडला होता. मोठ्या आईला विचारलं तर ती काही बोललीच नाही, सुया पुढे केल्या.

ह्या सुया बघा. बांबूच्या, घरीच तासलेल्या, काचकागदाने घासघासून गुळगुळीत केलेल्या. जाडी साधारण १० मिलिमीटर. बाजारात जुन्या नंबरच्या सुया मिळतात, तिथे हमखास गोंधळ होतो कारण त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, आणि १० मिलिमीटरची हवी तर तीन शून्यवाली मागायची. नवशिक्यांना बांबू बरा, स्टीलवरून टाके सटकतात, बांबूवर जरा थांबतात.

जाड लोकर नाही मिळाली तर साध्या लोकरीचे तीन गुंडे घ्या आणि तिन्ही दोरे एकत्र धरून विणा, झाली जाड लोकर. सगळी मिळून २०० ग्रॅम घेऊन ठेवा, उरली तर टोपीला होईल.

आता विणायचं. आधी रुंदीच्या तिप्पट दोरा सोडून गाठ मारा आणि २० टाके घाला, ढिले घाला, घाबरून आवळू नका, पहिली ओळ तिथेच अडते. मग ४ ओळी नुसत्या सुलट, म्हणजे दोरा मागे ठेवून विणायचा साधा टाका. जाताना सुलट, येतानाही सुलट, उलट टाक्याचं नावच नको.

पाचवी ओळ जाळीची. पहिले २ टाके सुलट. आता दोरा दोन सुयांच्या मधून पुढे आणा आणि तो पुढेच असताना पुढचे २ टाके एकत्र सुलट विणा. बघा, दोरा आपोआप सुईवर चढला, तो झाला एक नवीन टाका, आणि दोनाचा एक केला म्हणजे एक गेला. एक आला, एक गेला. असं ८ वेळा, शेवटी २ सुलट. मोजा. २०च पाहिजेत.

पुढच्या ओळीत तो चढलेला दोरा जरा लोंबकळल्यासारखा दिसतो, त्याच्याखाली गाठ नसते, म्हणून नवीन माणूस त्याला टाका समजत नाही आणि सोडून देतो. सोडला की १९. तो पण सुलट विणायचा, त्याच्याखाली जे मोकळं राहतं तीच जाळी. मग अशा ३ ओळी सुलट आणि परत जाळी. बस, ह्या ४ ओळींचाच अख्खा स्कार्फ.

माझे २७ कसे झाले तेही सांगते, कारण तुमचे पण होणार. ओळ संपवून सुई फिरवली की मी दोरा सुईवरून मागे ओढायची. त्याने पहिला टाका ताणून वर येतो, दोन पाय दिसतात, आणि आपण दोन्ही पाय वेगवेगळे विणून मोकळे. दोरा सुईच्या खाली सोडायचा, मागच्या बाजूला. एवढंच होतं, आणि ह्याच्यासाठी मी दोन संध्याकाळी घातल्या.

आणि एक युक्ती, ही मोठ्या आईने मला उसवून झाल्यावर सांगितली, आधी नाही! दर वीतभर विणलं आणि टाके बरोबर भरले की दुसऱ्या रंगाचा दोरा दाभणात ओवून त्या ओळीच्या सगळ्या टाक्यांतून काढून ठेवायचा. पुढे काही बिघडलं तर उसवताना वीण त्या दोऱ्यापाशी थांबते, पार सुरुवातीला जायची पाळी येत नाही.

रुंदी वीतभर होते. लांबी साडेतीन हात, म्हणजे आपल्याच मापाची. टाके बंद करताना हात ढिला ठेवा, नाहीतर एक टोक पिशवीच्या तोंडासारखं आवळतं. उरलेले दोरे दाभणाने आतल्या आत ओवून टाका.

जाळी उमलते ती पाण्याने. खरी लोकर असेल तर कोमट पाण्यात भिजवा, टॉवेलमधे गुंडाळून पाणी दाबून काढा, पिळू नका, आणि बाजेवर चादर टाकून त्यावर ताणून टाचण्या लावा. बाजारातली स्वस्त लोकर बहुतेक ॲक्रिलिकची, तिच्यावर इस्त्री फिरवू नका, मऊपणा जातो तो परत येत नाही. आणि दोरीवर वाळत घालू नका, ओल्या वजनाने साडेतीनाचे साडेचार हात होतील.

दुसरा स्कार्फ मी नऊ संध्याकाळी घेऊन पूर्ण केला. ह्या मंडईला तो मोठ्या आईच्या गळ्यात होता. मध्यंतरात शेजारी बसलेल्या एका बाईने एका भोकात बोट घालून बघितलं, इकडून तिकडून, आणि विचारलं, "किती टाके घातले व?"

मोठी आई स्टेजकडेच बघत म्हणाली, "वीस. हिले विचार, मोजते ते."