काठीच्या सावलीतून अयनदिन

श्रोतेहो, नमस्कार. उत्तर गोलार्धात 21 जूनच्या सुमारास सर्वांत मोठा दिवस असतो आणि 22 डिसेंबरच्या सुमारास सर्वांत लहान. दक्षिणेत नेमकं उलट. या दोन दिवसांना अयनदिन म्हणतात. याचं कारण पृथ्वीचा कललेला आस. सूर्यापासूनच्या अंतराशी याचा संबंध नाही, कारण जानेवारीच्या सुरुवातीला तर आपण सूर्याच्या सर्वांत जवळ असतो.

अयनदिन सावलीवरून शोधता येतो, पण बहुतेकांची चूक एकच होते: सर्वांत लांब सावलीचा दिवस शोधत बसायचं. तो सापडत नाही. मार्चमध्ये माध्यान्हीच्या सूर्याची उंची रोज सुमारे 0.4 अंशाने बदलते, अयनदिनाच्या आगेमागे मात्र जेमतेम 0.0035 अंशाने. 30 उत्तर अक्षांशावर 1 मीटर उंचीच्या काठीची सावली तेव्हा दिवसाला 0.2 मिलिमीटरही हलत नाही.

म्हणून महिनाभर आधी सुरुवात करा. नोव्हेंबरच्या 20 तारखेला हीच सावली रोज सुमारे 9 मिलिमीटर वाढत असते. त्या दिवशीची माध्यान्हीची खूण करून ठेवा आणि जानेवारीत सावली त्याच खुणेवर कधी परतते ते पाहा. दोन्ही तारखांचा बरोबर मध्य म्हणजे अयनदिन. पाचव्या शतकात चीनचे खगोलशास्त्रज्ञ झू चोंगझी यांनी याच युक्तीने अयनदिनाची वेळ काढली होती, आणि मला ती आजही थक्क करते.

आता मोजणीबद्दल. काठीचं टोक नेमकी सावली देत नाही. सूर्यबिंब अर्धा अंश रुंद असल्यामुळे कडा धूसर होते. काठीला जाड पुठ्ठा आडवा बांधा, त्याला 3 मिलिमीटरचं छिद्र पाडा. छिद्र जमिनीपासून 1 मीटरवर हवं. त्यातून ओळंबा सोडा आणि तो टेकेल तिथून प्रकाशाच्या ठिपक्याच्या मध्यापर्यंत मोजा. घड्याळातल्या बाराला माध्यान्ह होतेच असं नाही. दर 5 मिनिटांनी खुणा करून त्यातलं सर्वांत कमी अंतर घ्या. जमीन मात्र सपाट हवी, पाणसळ लावून बघा.

असंच जूनमध्येही मोजलंत, तर 30 अंशांवर 11.5 सेंटिमीटर येईल, डिसेंबरमध्ये 135. त्यांचे कोन, म्हणजे सूर्य थेट डोक्यावरून किती कललेला आहे ते, 6.6 आणि 53.4 अंश. फरकाचा निम्मा, 23.4 अंश, हा पृथ्वीच्या आसाचा कल. बेरजेचा निम्मा, 30, हा तुमचा अक्षांश. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहणाऱ्यांची जूनची सावली दक्षिणेकडे पडते. तेव्हा तो कोन ऋण धरायचा.