उंबऱ्याच्या आत आलेलं सरकार

(दृश्य : मुंबई, धोबी तलाव. मेट्रो सिनेमासमोरचा चौक. गाड्यांची वर्दळ, मागे एक पुतळा.)

या चौकातून रोज हजारो माणसं जातात. सिग्नल सुटायची घाई असते, मान वर करून बघायला कुणाला सवड नसते. हा पुतळा डॉक्टर अकासियो व्हिएगस यांचा. मूळ गाव गोव्यातलं हडफडे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागातला एक रोगी त्यांनी तपासला. अंगात फणफणून ताप, जांघेत सुजलेली गाठ. व्हिएगस यांनी रोगाचं नाव घेतलं : प्लेग.

या नावाने पुढची काही वर्षं हिंदुस्थान सरकारची झोप उडवली.

मांडवी म्हणजे गोदीला लागून असलेली वस्ती. धान्याची कोठारं, दाटीवाटीच्या चाळी आणि कोठारांवर पोसलेले उंदीर. दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगने धुमाकूळ घातला होता. जहाजांतून माल आला, मालाबरोबर उंदीर आले. आधी ते पटापट मरू लागले, मग माणसं. पुढे महाराष्ट्रात खेडोपाडी 'घरात उंदीर पडला' एवढं कानावर आलं, की लोक भांडीकुंडी, गुरंढोरं घेऊन गावाबाहेर माळावर झोपड्या बांधून राहायला जात. महिनोन्महिने गावं ओस पडत.

मुंबईला मात्र असा माळ नव्हता. लोक मिळेल त्या गाडीने, मिळेल त्या बोटीने बाहेर पडले. काही महिन्यांत जवळपास निम्मं शहर रिकामं झालं. १८९१ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ होती, १९०१ मध्ये ती ७,७६,००६ भरली. एरवी वर्षागणिक फुगणारं हे शहर दहा वर्षांत आक्रसलं. गिरण्यांना कामगार मिळेनात. जे मागे राहिले त्यांच्या हातावर रोजच्या रोज मजुरी ठेवावी लागली.

(दृश्य : जुन्या चाळीची भिंत. दारावर रंगवलेली वर्तुळं, वर्तुळात तारीख.)

ही वर्तुळं नीट बघा. घरात प्लेगने माणूस दगावला की पालिकेचा माणूस दारावर वर्तुळ काढायचा आणि आत तारीख लिहायचा. एकेका दारावर अशी अनेक वर्तुळं. छपराची कौलं काढून टाकत, आत ऊन यावं म्हणून. भिंतींना चुना, गटारांत कार्बोलिक आणि रोगी सापडला की सक्तीने इस्पितळात. इस्पितळात माणसं मारून त्यांच्या देहातून मोमाई नावाचं औषध काढतात, अशी आवई शहरभर उठली. २९ ऑक्टोबर १८९६ ला सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले.

पालिकेला याहूनही मोठी धास्ती होती ती हलालखोरांची. शहराचा मैला उचलणारी ही माणसं पळून गेली असती, तर मुंबईत राहणंच अशक्य झालं असतं. एवढं मोठं बंदर, एवढा मोठा व्यापार, आणि सगळा डोलारा ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं त्यांच्या खांद्यावर. पालिकेने नियम सैल केले.

पण आता प्रश्न पालिकेच्या हातात राहिला नव्हता. मुंबई हा साम्राज्याचा दरवाजा होता. कापूस आणि धान्य इथूनच सुएझमार्गे युरोपात जात होतं, पलटणी इथूनच येत-जात होत्या. फेब्रुवारी १८९७ मध्ये व्हेनिसला प्लेगचा विचार करण्यासाठी आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. हिंदुस्थानच्या मालावर, जहाजांवर बंदी घालायची भाषा सुरू होती. मुंबईहून निघणारी हजची जहाजंही थांबवावी लागली. ज्या ब्रिटनच्या आरमाराला समुद्रावर कुणी अडवू शकत नव्हतं, त्याच्या व्यापाराची नाडी एका रोगामुळे इतर राष्ट्रांच्या हाती जायची वेळ आली होती.

म्हणून घाई झाली. ४ फेब्रुवारी १८९७ ला कलकत्त्यात साथरोग कायदा मंजूर झाला. अवघी चार कलमं, एखाद्या पानावर मावतील एवढी. दुसऱ्या कलमाने सरकारला साथ रोखण्यासाठी वाटेल ते नियम करायचा अधिकार दिला. चौथ्या कलमाने सांगितलं, की या कायद्याखाली प्रामाणिक हेतूने केलेल्या कृतीबद्दल कुणावर दावा लावता येणार नाही.

मुंबईच्या प्लेग समितीवर ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांना नेमलं. रोग निवारायचा होता आणि नेमणूक झाली सेनाधिकाऱ्याची. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी आले वॉल्टर चार्ल्स रँड. सातारा जिल्ह्यात असताना वाईतल्या प्रतिष्ठित गृहस्थांना मिरवणुकीतल्या वाद्यांवरून त्यांनी तुरुंगात धाडलं होतं. लोकांना ते नाव ठाऊक होतं.

(दृश्य : पुण्यातल्या पेठेतला जुना वाडा. दिंडी दरवाजा, चौक, तुळशीवृंदावन.)

१३ मार्च १८९७. घरझडत्या सुरू झाल्या. गोऱ्या सोल्जरांच्या टोळ्या पेठांमध्ये शिरल्या.

त्या काळचा वाडा डोळ्यांपुढे आणा. बाहेर ओसरी, परक्याने तिथवरच यायचं. आत माजघर, त्याच्या आत स्वयंपाकघर आणि देवघर. बाईमाणसाचं सारं आयुष्य त्या आतल्या दोन खोल्यांत. तिथे बूट घातलेला, भाषा न कळणारा शिपाई थेट शिरतो. कोनाडे, कणग्या, बिछाने उपसतो. रोगी लपवला आहे का ते बघतो. अंथरुणं, कपडे, सामान बाहेर आणून पेटवतो. गाठ जांघेत येते, काखेत येते. म्हणून बायकांनाही तपासलं जायचं, कधी चारचौघांत. रोगी सापडला की तो इस्पितळात, घरची माणसं सेग्रिगेशनच्या, म्हणजे वेगळं ठेवण्याच्या छावणीत. मागे घर उघडं.

सरकारी कागदपत्रांत या मोहिमेची शिस्तशीर नोंद आहे : किती घरं तपासली, किती रोगी मिळाले. त्या आजीची नोंद मात्र नाही, जिच्या देवघरात पहिल्यांदाच कुणीतरी बूट घालून आलं. माझ्या मते पुढे जे घडलं त्याचं मूळ तिथे आहे.

टिळक पुणं सोडून गेले नाहीत. त्यांनी हिंदू प्लेग इस्पितळ काढलं. त्याच वेळी 'केसरी'तून झडत्यांवर कडाडून टीका केली. पंडिता रमाबाईंनी प्लेग इस्पितळातल्या बायकांच्या हालांबद्दल वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहिलं. गोखले तेव्हा विलायतेत होते. सोल्जरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केल्याचं त्यांनी तिथल्या वर्तमानपत्राला सांगितलं, पण पुरावा द्यायला कुणी पुढे येईना, आणि परतल्यावर त्यांना जाहीर माफी मागावी लागली. एरवी मवाळ-जहाल, सुधारक-सनातनी म्हणून आपण ज्यांना वेगवेगळ्या रांगांत उभं करतो, ती सगळी माणसं त्या एका उन्हाळ्यात एकाच गोष्टीबद्दल बोलत होती.

आणि पुण्याबाहेर, ससाण्यांच्या मळ्यात, एक दवाखाना चालू होता. सावित्रीबाई फुले आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत यांचा. मुंढव्याच्या गायकवाडांचा लहानगा पांडुरंग प्लेगने पडल्याचं कळलं, तेव्हा सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतलं आणि चालत दवाखान्यात आणलं. वय झालेलं शरीर, पाठीवर तापाने भाजणारं पोर. पांडुरंग वाचला. त्या लागण होऊन १० मार्च १८९७ ला गेल्या. सोल्जर पेठांत शिरले ते त्यानंतर तीनच दिवसांनी.

(दृश्य : रात्र. गणेशखिंड रस्ता. घोडागाडीच्या चाकांचा आवाज.)

२२ जून १८९७. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली म्हणून गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्यावर मेजवानी होती. ज्या शहराची घरं झडतीने विस्कटली होती, त्याच शहराच्या वेशीवर रोषणाई. मध्यरात्रीच्या सुमारास गाड्या परतू लागल्या. अंधारातून खुणेची हाक आली : "गोंद्या आला रे!" दामोदर चाफेकर रँडच्या गाडीवर मागून चढले आणि गोळी झाडली. मागच्या गाडीतले लेफ्टनंट आयर्स्ट बाळकृष्ण चाफेकरांच्या गोळीने जागीच ठार झाले. रँड ३ जुलैला वारले.

आता सरकारची झोप खरोखर उडाली. १८५७ ला अवघी चाळीस वर्षं झाली होती. पुण्यावर जादा पोलीस बसवले आणि त्यांचा खर्च पुणेकरांकडूनच वसूल केला. पुण्याच्या सरदार नातू बंधूंना खटला न चालवता स्थानबद्ध केलं. २७ जुलैला टिळकांना अटक झाली, राजद्रोहाच्या आरोपाखाली दीड वर्षाची सजा. दामोदर फाशी गेले १८ एप्रिल १८९८ ला. मागून त्यांचा भाऊ वासुदेव, साथीदार महादेव रानडे आणि बाळकृष्ण, तिघेही मे १८९९ मध्ये, पाच दिवसांत. चाफेकरांच्या एका आईबापाचे तीन मुलगे.

१८९८ मध्ये राजद्रोहाचं कलम १२४-अ आणखी व्यापक केलं गेलं. याच कलमाखाली १९०८ मध्ये टिळक मंडालेला गेले, १९२२ मध्ये गांधीजींना शिक्षा झाली. प्लेगच्या काळात रुंदावलेली ही तरतूद साम्राज्य संपेपर्यंत साम्राज्याला पुरली. ज्यांच्यावर ती वापरली, त्यांची उंची मात्र लोकांच्या मनात वाढतच गेली. दीड वर्षाच्या त्या सजेतून बाहेर आलेले टिळक आत गेलेल्या टिळकांपेक्षा सरकारला कितीतरी जड गेले.

एवढं करून रोग आटोक्यात आला होता का? नाही. आणि हे दुःख मोठं आहे, कारण शोध चुकीच्या ठिकाणी चालला होता. सोल्जर माणसं शोधत होते, ट्रंका जाळत होते. रोग पसरत होता उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमधून. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत १८९८ मध्ये ते दाखवून दिलं, तरी ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. कार्बोलिक ओतलेल्या बिळातून उंदीर निघून शेजारच्या घरात जात होता, आणि पिसवाही त्याच्याबरोबर जात होत्या.

दंगे थांबेनात. मार्च १८९८ मध्ये मुंबईत मदनपुऱ्याच्या विणकरांनी उठाव केला. एप्रिल १९०० मध्ये कानपूरच्या प्लेग छावणीवर जमाव तुटून पडला, त्यात पोलीस मारले गेले. सरकारला तेव्हा उमगलं, की प्लेगपेक्षा प्लेगचा बंदोबस्त राज्याला जास्त धोक्याचा ठरतो आहे. सोल्जरांच्या झडत्या बंद झाल्या. जातीजमातींना आपापली इस्पितळं काढायला मुभा मिळाली. सक्ती मागे पडली.

(दृश्य : परळ, हाफकिन संस्थेची इमारत.)

मग लस. ओडेसाचे वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत, ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत ती तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. लोक बिचकत होते. तेव्हा इस्माइली खोजांचे धर्मगुरू आगाखान पुढे आले. त्यांनी आपल्या अनुयायांसमोर, एकदा नव्हे, अनेकदा स्वतः लस टोचून घेतली. शिपाई पाठवून जे होत नव्हतं, ते आपल्यातल्या माणसाने बाही वर केल्यावर होऊ लागलं. पण हा विश्वासही काचेसारखा होता. १९०२ मध्ये पंजाबात मलकोवाल गावी लस घेतलेली १९ माणसं धनुर्वाताने दगावली. हाफकिन यांच्यावर ठपका आला, तो पुसला जायला पाच वर्षं लागली. प्लेगने पुढच्या दोन-तीन दशकांत हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं नेली.

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत पुन्हा हेच नाव ऐकू आलं. मृत्यू शंभराच्या आतच राहिले. पण काही दिवसांत लाखो माणसं शहर सोडून गेली, अनेक देशांनी भारतात येणारी विमानं थांबवली, आपला माल नाकारला. व्हेनिसची परिषद होऊन ९७ वर्षं झाली होती.

मार्च २०२० मध्ये करोना आला तेव्हा महाराष्ट्र सरकारने जो कायदा लागू केला, तो १८९७ चाच होता. चौथ्या कलमासकट.

(दृश्य : गणेशखिंड. झाडीतून दिसणारा उंच मनोरा. सायकलवरून जाणारे विद्यार्थी.)

आणि हा गव्हर्नरचा बंगला, जिथे त्या रात्री मेजवानी झाली. आता ही पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. २०१४ पासून विद्यापीठाला नाव आहे सावित्रीबाई फुले यांचं. इथून मुंढवा काही कोसांवर आहे. तिथल्याच एका पोराला पाठीवर घेऊन त्या दवाखान्याकडे निघाल्या होत्या.