बोटीचं इंजन जाम होतं तेव्हा

(पवनी येथे मासेमार बांधव आणि पूरबचावाचं काम करणाऱ्या तरुणांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, वैनगंगेच्या काठावर इंजनाची बोट तशी अलीकडची. ढिवर बांधवांनी पिढ्यान्‌पिढ्या डोंगा बांबूने रेटला. गोसेखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ साली झालं. पुढे पाणी अडलं, फुगवटा भंडाऱ्याच्या दिशेने पसरत गेला आणि बांबू तळाला लागेना. तेव्हा जुन्या, दोन-तीन हात फिरलेल्या ओबीएम, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायच्या मोटारी, आपल्याकडे आल्या. २०२० च्या ऑगस्टअखेरचा पूर तुम्ही सगळ्यांनी भोगलाय. माणसं छपरावर बसलेली असताना बोटीचं इंजन फिरलंच नाही, तर काय होतं हे मी सांगायला नको. वर्षभर कोपऱ्यात पडलेलं इंजन नेमकं अशाच दिवशी दगा देतं. म्हणून सांगतो, राजेहो, इंजन जाम झालं की घाईने भंगारात घालू नका. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे जोर लावू नका.

इंजन सुरू करायची दोरी हलली नाही की आपण म्हणतो, इंजन गेलं. पण दोरी अडण्याची बरीच कारणं इंजनाच्या बाहेरच असतात. पहिलं पाहायचं ते गिअर. पुष्कळ ओबीएममध्ये गिअर लागलेला असताना दोरी ओढताच येऊ नये अशी अटकावाची सोय असते. तिची केबल ढिली झाली किंवा गंजली, तर न्यूट्रलमध्येही दोरी अडते. मग पंखा. जाळ्याचा नायलॉन धागा पंख्यामागे शाफ्टला असा घट्ट बसतो की वरून दिसतही नाही. पंखा काढूनच पाहावं लागतं. दोरीचं स्टार्टर वरून काढून ठेवलं आणि फ्लायव्हील, म्हणजे इंजनाच्या डोक्यावरचं जड चाक, हाताने फिरलं, तर दोष स्टार्टरचा. एवढं तपासायला पैसा लागत नाही.

यानंतर सगळे प्लग काढा. त्याआधी इंजन बंद पाडणाऱ्या किल स्विचची क्लिप काढून ठेवा आणि पेट्रोलची टाकी दूर करा. प्लग काढल्यावर फ्लायव्हीलच्या नटावर लांब दांड्याचा पाना लावून हळूच घड्याळाच्या दिशेने फिरवा. बहुतेक इंजनं वरून पाहिलं तर याच दिशेने फिरतात. फिरलं आणि प्लगच्या भोकातून पाणी उडालं, तर सिलिंडरमध्ये पाणी भरलं होतं, एवढंच. पाणी दाबलं जात नाही, म्हणून पिस्टन वर येत नव्हता. प्लग लावलेले असताना बॅटरीचा स्टार्टर मारत राहिलात, तर पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. शंभर रुपयांच्या कामाचा खर्च हजारांत जातो तो इथे.

बुडालेल्या इंजनाबद्दल एक गोष्ट ऐकून तुम्हाला नवल वाटेल. इंजन वर काढलं आणि लगेच उघडून तेल देणं शक्य नसेल, तर ते स्वच्छ गोड्या पाण्यात बुडवूनच ठेवावं. गंजायला हवा लागते. पाण्यातून काढून उन्हात ठेवलेल्या इंजनाच्या बेअरिंगवर काही तासांतच गंज धरतो. चालू असताना बुडालं असेल, तर रॉड वाकल्याची शंका घेऊन उघडूनच पाहा.

प्लग काढूनही फिरत नसेल, तर खालचा गिअरबॉक्स वेगळा करा. मिस्त्री लोक ही पायरी हमखास गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची हीच आहे. खालचा भाग सुटल्यावर वरचं फ्लायव्हील फिरलं, तर इंजन शाबूत आहे आणि दोष गिअरबॉक्समध्ये आहे. त्याचं तेल काढून पाहा. दुधाळ दिसलं तर सीलमधून पाणी गेलंय. चकाकणारे कण असतील तर दात किंवा बेअरिंग झिजलंय.

वरचा भागच अडला असेल, तर मालकाला विचारायचं, चालता चालता थांबलं की पडून पडून अडकलं? पडून अडकलेल्यात बहुधा गंज असतो. ओलाव्याने पिस्टनच्या रिंगा लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला, चिकटतात. प्लगच्या भोकातून बॅटरीचा उजेड टाकून पाहा. तांबूस गंज असेल तर आशा आहे. लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीचं गिअर तेल) आणि अॅसिटोन अर्धं-अर्धं, नाहीतर नुसतं डिझेल, भोकातून सोडा आणि चार-पाच दिवस थांबा. अॅसिटोन भडका घेतं. बिडी आणि चूल लांब ठेवा. मग पाना लावून थोडं पुढे, थोडं मागे. खालचा भाग काढलेला असल्यामुळे उलटं फिरवलं तरी थंड करणारं पाणी चढवणाऱ्या पंपाच्या इम्पेलरची, म्हणजे आतल्या रबरी चक्राची, पाती मोडत नाहीत. पिस्टनवर लाकूड ठेवून हातोडा मारताना मी लोकांना पाहिलंय. पिस्टन अॅल्युमिनियमचा असतो, त्याला भोक पडतं.

चालता चालता थांबलं असेल, तर गोष्ट उष्णतेची. अॅल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या लायनरपेक्षा जास्त फुगतो आणि लायनर खरवडतो. आपल्याकडे याचं मोठं कारण जलपर्णी. पाणी आत घेणाऱ्या खालच्या जाळीत तिच्या मुळ्या अडकल्या की थंड करणारं पाणी वर चढत नाही. इंजनामागून जी पाण्याची पिचकारी उडते, तिच्यावर डोळा ठेवा. ती थांबली की इंजन त्याच क्षणी बंद करायचं, काठ कितीही जवळ असो. रबरी इम्पेलर वर्ष-दोन वर्षांनी बदलाच. पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागणाऱ्या इंजनात ते तेल कमी पडलं तरी हेच होतं. पन्नास भाग पेट्रोलला एक भाग तेल, म्हणजे लिटरमागे २० मिली. काही जुन्या इंजनांना दुप्पट लागतं, ते कंपनीच्या पुस्तकात पाहा. मोटारसायकलचं तेल नको, पाण्याने थंड होणाऱ्या इंजनाचं टीसी-डब्ल्यू३ घ्या.

उष्णतेने अडकलेलं इंजन थंड झाल्यावर कधी कधी सहज फिरतं, आणि मालक खूश होतो. ते चालवू नका. आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजा. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच कमी दाखवत असेल, तर हेड खोलून लायनर बघा. उभे ओरखडे असतील तर तेल मुरवून काही साधत नाही. बोअरिंग करून, म्हणजे लायनर आतून कोरून, मोठ्या मापाचा पिस्टन घालावा लागतो, आणि त्याचा खर्च इंजनाच्या किमतीशी ताडून पाहावा लागतो.

गंजातून सुटलेल्या इंजनाचं कॉम्प्रेशनही मोजायचंच. ते बरोबर आलं की खालचा भाग परत बसवा, नवीन इम्पेलर टाका आणि इंजन पाण्याच्या पिंपात चालवा. जाळी पूर्ण बुडाली पाहिजे. पहिल्या टाकीला तेल दुप्पट घाला, धूर निघेल, निघू द्या. रोलर बेअरिंग गंजाने खाल्लेलं असेल तर आतून खडखड ऐकू येईल. आवाज ऐकला की बंद करा आणि उघडा. तसं इंजन पुराच्या पाण्यात न्यायचं नाही.