मावशींची वही

(पडद्यावर: निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही. पानं हळूहळू उलटत जातात.)

ही वही माझ्या आईची. म्हणजे आईविषयीची. लिहिली आहे मावशींनी, म्हणजे आईला सांभाळायला आमच्या घरी राहिलेल्या बाईंनी.

सकाळी सात. बीपी १३०/८०. शुगर १४८. चहा अर्धा कप, बिस्किटं दोन.
दुपारी एक. गुरगुट्या भात, सहा चमचे. मग नको म्हणाल्या.
रात्री दहा. डायपर बदलला. डावी कूस.
रात्री बारा. उजवी कूस.
रात्री दोन. डावी कूस. पाठ पुसून पावडर लावली.
पहाटे चार. उजवी कूस. आजी जाग्या. थोड्या गप्पा.

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर आई अकरा महिने अंथरुणावर होती. अशा माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं. नाहीतर माकडहाडापाशी, टाचांपाशी कातडी आधी लाल होते, मग सुटते, आणि जखम आत हाडाकडे सरकत जाते. आईला शेवटपर्यंत एकही जखम झाली नाही. घरी तपासायला येणारे डॉक्टर दर वेळी म्हणायचे, फार छान सांभाळलंय तुम्ही. आम्ही मान डोलवायचो.

आई गेल्यावर महिन्याभराने मी ही वही नीट वाचली. ओळीने एकेचाळीस दिवस सगळ्या नोंदी एकाच अक्षरात आहेत. दुसऱ्या कुणाचं अक्षर मधे कुठेच नाही. दहाची, बाराची, दोनची, चारची, सहाची, प्रत्येक नोंद मावशींची.

एकेचाळीस रात्री ही बाई सलग दोन तास झोपली नव्हती. आणि हे आमच्या घरात घडत होतं.

(कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीचा जिना. तिसरा मजला. लोखंडी पलंग, एअर बेड, शेजारी जमिनीवर गुंडाळलेली सतरंजी.)

पुण्यात अशी घरं किती आहेत ते कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगरच्या गल्ल्यांतून सकाळी सातला चालत गेलात तर कळेल. बसमधून उतरून, हातात डब्याची पिशवी घेऊन भराभर चालणाऱ्या बायका दिसतात. रात्रपाळीच्या घरी निघालेल्या असतात, दिवसपाळीच्या आत शिरत असतात. त्यांच्या भाषेत ‘बाराची ड्युटी’, म्हणजे बारा तासांची. आणि ज्यांना पुण्यात घरच नाही, त्या घेतात ‘चोवीसची’. आमच्या मावशी चोवीसच्या.

मी नाशिकला, भाऊ कॅनडात. बाबा तेव्हा एक्क्याऐंशी वर्षांचे. घरी आजारी माणूस सांभाळायला बायका पाठवणाऱ्या ब्युरोला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी मावशी एक रेक्झिनची बॅग घेऊन दारात उभ्या राहिल्या. आधार कार्डाची झेरॉक्स घेतली. पोलीस पडताळणी झाली. सगळं रीतसर. त्यांच्याबद्दलची कागदपत्रं आम्ही गोळा केली. त्यांच्या हातात मात्र आमच्याकडून एक चिटोरंही दिलं नाही. तास किती, सुट्टी कधी, आजारी पडल्या तर काय, काहीच ठरवलं नाही.

मग भावाने खोलीत कॅमेरा बसवला. त्याचं मन मी समजू शकते. बारा हजार किलोमीटरवरून आईला बघायचा तेवढाच मार्ग होता. एकदा त्याला दुपारी तीन वाजता मावशी भिंतीला टेकून झोपलेल्या दिसल्या. त्याने ब्युरोला फोन केला, ब्युरोने मावशींना झापलं. मावशी आम्हाला काही बोलल्या नाहीत.

त्या दिवसाचं पान माझ्यासमोर उघडं आहे. आदल्या रात्री आईला जुलाब झाले होते. एक ते पाच या वेळात सात नोंदी आहेत.

(लातूरकडे जाणारी एसटी. खिडकीतून उघडी रानं.)

मावशींनी नाव घेऊ नका, चेहरा दाखवू नका म्हणून सांगितलंय. त्यामुळे तुम्हाला त्यांचे हातच दिसतील.

गाव लातूर जिल्ह्यातलं. स्वतःची जमीन नाही. नवरा गेल्यावर दुसऱ्याच्या रानात सोयाबीन काढायला, खुरपायला जायच्या. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणलं गेलं. वाघिणींची ती लांबलचक गाडी आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. मावशी त्याच्या दोन महिने आधीच पुण्यात आल्या होत्या. “पाणी आलं, पन कामाची गाडी कुठं आली, ताई?” असं त्या म्हणतात.

मराठवाड्याची ही वाट जुनीच आहे. १९७२ च्या दुष्काळात कुटुंबंच्या कुटुंबं पुण्यात आली. पुरुष बांधकामावर गेले, बायका धुण्याभांड्याला लागल्या. त्यांच्यातल्याच बायकांनी १९८० मध्ये पुण्यात संप केला होता. हे आजच्या किती पुणेकरांना माहीत आहे? पगारवाढ हवी, भरपगारी सुट्टी हवी, माणसासारखी वागणूक हवी, म्हणून मोलकरणी रस्त्यावर आल्या. पुढे संघटना उभ्या राहिल्या. आज पुण्यात कामवाल्या बाईला दिवाळीला एक पगार बोनस देतात, ती मालकांची दानत असं आपण समजतो. त्यामागे या बायकांची लढाई आहे.

पण धुण्याभांड्याची बाई चार घरं करते. तिला शेजारीण भेटते, जिन्यात मैत्रीण भेटते. चोवीसच्या ड्युटीवरची बाई एका खोलीत असते. तिला संघटनेपर्यंत कोण नेणार? ती खाली उतरणार कधी?

(ब्युरोच्या पावत्या. एकावर एक ठेवलेल्या.)

आम्ही ब्युरोला दिवसाचे ९०० रुपये देत होतो. महिन्याचे २७,०००. बाबांच्या पेन्शनचा मोठा हिस्सा त्यातच जायचा आणि आम्हाला वाटायचं, मावशींना चांगले पैसे मिळतात. त्यांच्या हातात पडत होते ६००. उरलेले ३०० रोज, अकरा महिने, ब्युरोकडे. पहिल्या महिन्यात ओळख करून दिल्याचं कमिशन घेतलं असतं तर ते समजण्यासारखं होतं. हे आम्ही कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही, कारण घरच्यांशी पैशाचं बोलायचं नाही अशी ब्युरोची सक्त ताकीद होती.

आता कायद्याकडे येते. इथे मला थोडं थांबायचं आहे.

महाराष्ट्रात २००८ पासून घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. तो देशात लवकर झालेल्या कायद्यांपैकी एक. पण नावाप्रमाणे तो मंडळाचा कायदा आहे. नोंदणी करा, योजनांचा लाभ घ्या, इतकाच त्याचा आवाका. रोजचे तास किती, आठवड्याची सुट्टी कोणती, पगार किमान किती, याविषयी त्यात काही नाही. नोंदणी असेल आणि वयाची पंचावन्न वर्षं पूर्ण झाली असतील तर १०,००० रुपये सन्मानधन मिळतं. तेही एकदाच.

आणि ही नोंदणी वयाच्या अठरा ते साठ वर्षांपर्यंतच.

साठ. हा आकडा लक्षात ठेवा. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात साठ पूर्ण झाले की माणूस ज्येष्ठ नागरिक होतो. माझ्या आईला तो कायदा लागू होता. मुलं बघत नसतील तर तिला न्यायाधिकरणाकडे जाता आलं असतं. मावशी आज अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत. दोन वर्षांनी त्याही ज्येष्ठ नागरिक होतील आणि त्याच दिवशी घरेलू कामगार म्हणून त्यांचं नाव गळेल. असंघटित कामगारांसाठीच्या केंद्राच्या ई-श्रम पोर्टलवरही नोंदणीला एकोणसाठपर्यंतचीच मुदत. पण काम थोडंच थांबणार आहे? साठीनंतरही त्या कुणाच्या तरी काखेत हात घालून, कंबर सांभाळत, सत्तर किलोचं माणूस खुर्चीत बसवणार. श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० रुपये मिळायला पासष्ट वर्षं पूर्ण व्हावी लागतात. साठ ते पासष्टच्या मधे त्यांनी काय खायचं?

जगात याचा विचार झालेला आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १६ जून २०११ रोजी घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार मंजूर केला. आठवड्यातून सलग चोवीस तास विश्रांती त्यात आहे. राहत्या घरकामगाराला सुट्टीच्या वेळात मालकाच्या घरातच थांबायची सक्ती करता येणार नाही, असंही त्यात आहे. भारताने त्या दिवशी बाजूने मत दिलं, पुढे करार मान्य मात्र केला नाही. २०२५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला सांगितलं, समिती नेमा, घरकामगारांसाठी कायद्याची चौकट तपासा.

आणि ब्युरोंचं काय? ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं होतं. घरी माणूस पाठवणाऱ्या संस्थांनी नोंदणी करावी, सेवेचा किमान दर्जा पाळावा, अशी तरतूद त्यात होती. २०२४ मध्ये त्या लोकसभेची मुदत संपली आणि विधेयकही संपलं. त्यामुळे आज एक खोली, एक फोन आणि बायकांच्या आधार कार्डांची फाईल असली की ब्युरो सुरू.

(बाबा गॅलरीत वॉकर घेऊन उभे. समोर गुलमोहर.)

हे सगळं सांगताना आमच्यासारख्या घरांची अडचण मी लपवणार नाही. दोन पाळ्यांना दोन बाया ठेवायच्या तर बाबांची पेन्शन पुरत नाही. ज्यांना पेन्शनच नाही त्यांचं काय, हा विचार करवत नाही. सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला २०२४ पासून आयुष्मान भारतमध्ये पाच लाखांपर्यंत उपचार आहेत, उत्पन्न कितीही असो. चांगली गोष्ट आहे. पण ते रुग्णालयातल्या उपचारांसाठी. रुग्णालयातून घरी आलेल्या माणसाला रात्री दोन वाजता कुशीवर कोण वळवणार, त्याचा खर्च त्यात बसत नाही.

केरळमध्ये २००८ पासून अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन सेवा देणं हे शासनाचं धोरण आहे. पंचायतीच्या यंत्रणेतली नर्स घरोघर जाते, जखम बघते, नळी बदलते, घरच्यांना शिकवते. आपल्याकडे असं झालं तर सगळा भार एका पगारावर आणि एका बाईच्या पाठीवर येणार नाही. आज महाराष्ट्रात ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, विरंगुळा केंद्रं आहेत, १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मोफत फोन आहे. जो चालत केंद्रापर्यंत जाऊ शकतो त्याच्यासाठी बरंच काही आहे. जो पलंगावर आहे त्याच्यासाठी मावशी आहेत.

(गाव. पत्र्याचं घर. अंगणात बाज. बाजेवर एक म्हातारी.)

ही मावशींची आई. वय अठ्ठ्याहत्तर. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट आहे, पण स्टँडपर्यंत चालणं होत नाही. मावशी पुण्यात असल्या की शेजारची सून दोन वेळा भाकरी देते. त्याचे महिन्याला हजार रुपये मावशी पाठवतात. आमच्या नऊशेतून सहाशे, आणि त्या सहाशेतून हे.

“माय विचारती, तिकडल्या आजीला काय काय करतीस? म्या सांगते, अंग पुसते, केस विंचरते, वळविते. मंग गप बसती.”

हे सांगताना मावशी आईच्या डोक्याला तेल लावत होत्या. मी कॅमेरा बंद करायला सांगितला. हे वाक्य त्यांच्या परवानगीने ठेवलंय.

(पुन्हा कोथरूडची खोली.)

गेल्या वर्षी बाबा पडले. खुब्याचं हाड मोडलं. मी मावशींना फोन केला, या वेळी ब्युरोला मधे न घेता. त्यांनी आधी विचारलं, “सुट्टीचं कसं?” बरं वाटलं मला त्यांनी विचारलं म्हणून.

एका पानावर सगळं लिहिलं. ठरलेली पूर्ण रक्कम थेट त्यांच्या बँक खात्यात. रात्री दहा ते सहा त्यांची झोप, बाजूच्या खोलीत, पलंगावर. रात्रीसाठी दुसरी बाई, तिचा पगार भाऊ पाठवतो. आठवड्याला एक दिवस सुट्टी. लातूरला एका दिवसात जाऊन येणं होत नाही, म्हणून पंधरा दिवसांनी सलग दोन दिवस. दोन सह्या, दोन प्रती. मंडळाच्या नोंदणीसाठी मालकाचं प्रमाणपत्र लागतं, तेही बाबांनी सही करून दिलं. सही करताना त्यांनी विचारलं, “हे आईच्या वेळी का नाही दिलं आपण?” कॅमेरा आता बाहेरच्या दारावर आहे.

मावशी गावी गेल्या की बदली बाई मिळत नाही, रात्रीची बाईही तेव्हा नसते. मग शनिवारी मी नाशिकहून येते. नवी वही आहे, लाल पुठ्ठ्याची. दर पंधरवड्याला दोन दिवसांची पानं माझ्या अक्षरात असतात.

(वहीचं पान.)

शनिवार. रात्री दहा. गोळ्या दिल्या.
रात्री बारा. लघवीला उठवलं.
रात्री दोन. पाय दुखतोय म्हणाले. चोळून दिला.
पहाटे चार. नोंद नाही. मला झोप लागली होती.