टेबलावरच्या फाइलीतून विद्यापीठाच्या वर्गात

सोलापूर आकाशवाणीच्या श्रोत्यांना नमस्कार.

लोकप्रशासन, म्हणजे सरकारी कारभाराचा अभ्यास, हा विषय घेतला, की पहिल्याच आठवड्यात १८८७ हे साल पाठ करावं लागतं. त्या वर्षी वुड्रो विल्सन, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले प्राध्यापक, यांचा प्रशासनाच्या अभ्यासावरचा लेख अमेरिकेत छापून आला. तो का लिहावा लागला, हे मात्र मागे राहतं. तिथे निवडून येणारा पक्ष सरकारी नोकऱ्या आपल्याच माणसांना वाटायचा. १८८१ मध्ये पदाच्या आशेवर बसलेल्या एकानं राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या. १८८३ मध्ये परीक्षा घेऊन भरती करण्याचा पेंडलटन कायदा झाला. कारभार पक्षाच्या राजकारणापासून दूर ठेवा, असं विल्सन का म्हणतात, ते इथे उलगडतं.

पुढे १९३७ मध्ये ल्यूथर गुलिक या अमेरिकी अभ्यासकानं ‘पोस्डकॉर्ब’ हा शब्द दिला, प्रशासकाच्या सात कामांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा: नियोजन, संघटन, कर्मचारी, निर्देशन, समन्वय, अहवाल, अंदाजपत्रक. उत्तरपत्रिकेत ही सात नावं येतात आणि विचार तिथंच संपतो. खरी गंमत हर्बर्ट सायमन या अमेरिकी अभ्यासकानं प्रशासनाच्या अशा जुन्या तत्त्वांवर घेतलेल्या आक्षेपात आहे. साहेबाच्या हाताखाली माणसं थोडी हवीत, हे एक तत्त्व. वरपासून खालपर्यंत पायऱ्या कमी हव्यात, हे दुसरं. आता एखाद्या पाणीपुरवठा विभागात ६४ कर्मचारी धरा. दर चौघांवर एक साहेब नेमला तर १६, त्यांच्यावर ४, त्यांच्यावर १, म्हणजे साहेबांच्या तीन पायऱ्या. आठांवर एक नेमला तर ८ आणि १, दोनच पायऱ्या. देखरेख घट्ट करायला जावं तर फाइलीला एक सही वाढते. दोन्ही तत्त्वं एकदम पाळता येत नाहीत. सायमन यांनी हे १९४६ मध्ये दाखवून दिलं आणि विषयाचा पायाच हलला.

आपल्याकडे मद्रास विद्यापीठानं १९३७ मध्ये या विषयाची पदविका सुरू केली. १९४९ मध्ये नागपूर विद्यापीठात लोकप्रशासन आणि स्थानिक स्वराज्याचा स्वतंत्र विभाग झाला. पॉल ॲपलबी या अमेरिकी तज्ज्ञाच्या भारतीय प्रशासनावरच्या अहवालानंतर १९५४ मध्ये दिल्लीत भारतीय लोकप्रशासन संस्था उभी राहिली. १९८७ पासून केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत हा वैकल्पिक विषय आला, विद्यार्थी वाढले, आणि नोट्सही. अभ्यास पुस्तकात अडकला तो तेव्हापासून, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्या जिल्ह्यात तर पंढरपूरची आषाढी आहे. जिल्हाधिकारी, नगरपरिषद, पोलीस, जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग, एसटी, मंदिर समिती. समन्वय शिकायला याहून मोठी शाळा कुठली? अभ्यासक्रमातल्या प्रकल्पासाठी अख्खी वारी घेऊ नका, तिथेच मुलं फसतात आणि शेवटी शासन निर्णय उतरवून काढतात. एकच सेवा घ्या, समजा नदीकाठची तात्पुरती शौचालयं. मागणी, मंजुरी, निविदा, कार्यादेश आणि जागेवर उभारणी, या पाच तारखा मिळवा. कुठल्या दोन तारखांमध्ये सगळ्यात जास्त दिवस गेले ते बघा, आणि त्या टेबलावर काय अडलं ते विचारा. कागद सहज मिळाले नाहीत तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, म्हणून अर्ज प्रकल्पाच्या पहिल्याच आठवड्यात टाका.