रंग भिंतीला लागतो की धुळीला?

नमस्कार मंडळी. आज खरं तर दाराच्या पॉलिशवर बोलायचं ठरलं होतं. पण गेले काही दिवस एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत येतेय. "ताई, महागातला रंग आणला, प्रायमर दिला, दोन हात मारले, तरी पोपडे निघतायत. आता कुठल्या कंपनीचा घेऊ?"

कंपनी मी सांगणार नाही, तेव्हा ते विचारणं थांबवा! डब्यात खोट असणं फार क्वचित. गडबड होते ती डबा उघडायच्या आधीच्या अर्ध्या तासात.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी भराभर सांगते. सामान बाजूला करा, जमिनीवर काहीतरी अंथरा, भेगा भरा, पुट्टीचे, म्हणजे भिंत सपाट करणाऱ्या लेपाचे, दोन पातळ हात द्या, वाळली की घासा, प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पायाचा थर, द्या, मग रंगाचे दोन हात. आधी छत, मग भिंती, शेवटी दारं-खिडक्या. दोन हातांमध्ये किती तास थांबायचं ते डब्यावर छापलेलं असतं, वाचा. संपलं.

आता मागे जा. "घासा" आणि "प्रायमर द्या" यांच्यामध्ये मी काहीतरी गाळलं. लक्षात आलं? नाही ना? तुमच्या भिंतीलाही ते असंच मिळालं नाही.

धूळ पुसणं. पुट्टी घासल्यावर भिंतीवर जी पिठासारखी भुकटी बसते ना, ती.

"त्यात काय, झाडू फिरवला की झालं." नाही झालं. झाडू ती भुकटी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेतो, आणि उरलेली पुट्टीच्या बारीक छिद्रांत जाऊन बसते. वरून तुम्ही प्रायमर फिरवता. प्रायमर धरतो भुकटीला, आणि भुकटीनं भिंतीला धरलेलंच नसतं. मग वरचे दोन्ही हात कितीही भारी असले तरी ते उभे कशावर आहेत? पिठावर.

(हातात टेप घेऊन) हा साधा मास्किंग टेप. घासून, झटकून झालेल्या भिंतीवर वीतभर तुकडा चिकटवा, अंगठ्यानं दाबून घासा आणि एका झटक्यात ओढा. आता चिकट बाजू बघा. पांढरी दिसतेय? मग अजून प्रायमरचा डबा उघडू नका. पुन्हा पुसा, पुन्हा टेप लावा. टेप जवळजवळ स्वच्छ निघेपर्यंत.

पुसायचं कसं, तर आधी मऊ ब्रश, असेल तर व्हॅक्यूम, वरून खाली. मग पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं फडकं. घट्ट म्हणजे इतकं घट्ट की भिंतीवर ओलीचा डाग राहता कामा नये. काही पुट्ट्या पाण्यानं पुन्हा विरघळतात. तिथे ओलं फडकं फिरवलंत तर घासलेलं सगळं वाया. आधी कोपऱ्यात हातभर जागेत करून बघा. पुसल्यावर भिंत पूर्ण सुकू द्या.

एकानं लिहिलंय, "ताई, एवढं पुसत बसलो तर रंग कधी देणार?" दादा, पुसायला अर्धा तास जातो. पोपडे खरवडायला दोन दिवस जातात. मी दोन्ही केलंय.

माझी पहिली खोली. रंग सुंदर आला, मी खूश. चौकटीवरचा टेप काढायला गेले तर टेपबरोबर चार बोटं रंगही सोलून आला, केळ्याच्या सालीसारखा. मी टेपला शिव्या दिल्या, मग रंगाला. तो सोललेला तुकडा उलटा करून बघायला मला आठवडा लागला! पाठीला पांढरी भुकटी, जशीच्या तशी.

म्हणून ज्यांचे पोपडे आधीच निघतायत त्यांनी मला फोटो पाठवण्याआधी पोपड्याची पाठ बघा. बोट फिरवल्यावर पांढरी पावडर लागली, तर धूळ. पाठ गुळगुळीत आणि खाली जुना चकचकीत ऑइल पेंट दिसला, तर तो न घासता तुम्ही त्यावर रंग दिलाय. नव्या रंगाला धरायला खरखरीतपणाच मिळाला नाही. आणि पोपड्याबरोबर पुट्टी किंवा प्लॅस्टरच निघून आलं, मागे मिठासारखे पांढरे कण दिसले, तर ती ओल आहे. तिथे माझी धुळीची गोष्ट विसरा. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा.

ओलीची शंका असेल तर प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी टेपनं भिंतीवर बंद करून एक-दोन दिवस ठेवा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, पाणी जमलं तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला जमलं तर खोलीतली दमट हवा आहे, खिडक्या उघडा. नवं प्लॅस्टर असेल तर महिनाभर तरी थांबा. वरून कोरडं वाटतं, पण आत ते ओलं आणि क्षारयुक्त असतं.

घासण्याबद्दल एक गोष्ट मात्र गंमतीनं घेऊ नका. फार जुन्या घरातला जुना रंग असेल तर त्यात शिसं असू शकतं. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ साली बंदी आली, बऱ्याच देशांत त्याहून उशिरा. असा रंग कोरडा घासायचा नाही, विशेषतः लहान मुलं किंवा गरोदर बाई घरात असेल तर. आधी तपासून घ्या.

आता व्हार्निशवाले. तुमचा प्रश्न वेगळा असतो, "हात फिरवला की कण कण लागतात." मंडळी, तीच धूळ आहे! भिंतीवर ती सोलून बाहेर पडते, लाकडावर ती आत अडकून बसते. लाकूड रेषांच्या दिशेनं घासा, पुसा, उजेड तिरपा पाडून बघा, पुन्हा पुसा. तेलाचं व्हार्निश असेल तर फडक्याला किंचित टर्पेंटाइन, पाण्याचं असेल तर किंचित पाणी. पहिला हात वाळल्यावर ३२० नंबरच्या पेपरनं हलकेच घासलंत की, काय करायचं? बरोबर, परत पुसायचं. पंखा बंद. डबा हलवायचा नाही, काडीनं सावकाश ढवळायचा, नाहीतर बुडबुडे येतात. आणि जवसाच्या तेलात भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. बाहेर पसरून वाळवा.

वॉलपेपरवाल्यांनीही पळायचं नाही. जोडाशी कागद उचलला जातो, तेव्हा तुम्ही गोंद बदलता. उचललेल्या कडेची पाठ बघा आधी. गोंद भुकटीला चिकटलाय, भिंतीला नाही. पुसा, प्रायमर द्या, मग कागद. आणि पहिली पट्टी दाराच्या चौकटीला धरून लावू नका, चौकटी सरळ असतात हा गैरसमज आहे. ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, सोडा, पेन्सिलनं रेघ मारा, त्या रेघेला कागद धरा. पहिली पट्टी तिरकी गेली की चौथ्या पट्टीला फुलं छताकडे चढायला लागतात.

"ताई, दोन हातांच्या मध्ये रोलर दर वेळी धुवायचा का?" नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून ठेवा, त्याच दिवशी दुसरा हात द्यायचा असेल तर वाळत नाही. फक्त ती पिशवी घासायच्या पेपराशेजारी ठेवू नका. का, ते आता मी सांगणार नाही.