शनिवारीतला व्हाईस, लोहा ओळीतली डिस्क

(सकाळ. कॉटन मार्केटकडचा रस्ता. पोत्यावर मांडलेली जुनी हत्यारं.)

सकाळी लवकर आलात तर पोत्यांवर माल मांडणं अजून चालूच असतं, पाने, पकडी, कानशी, मूठ तुटलेले रंधे, कुठल्यातरी पंपाचा अर्धा सांगाडा, सगळं एकमेकांवर पडलेलं. ही शनिवारी, म्हणजे कॉटन मार्केटच्या बाजूचा जुन्या मालाचा बाजार. नागपुरात ज्याला घरी ठोकाठोकीची हौस आहे तो कधी ना कधी इथे येतोच, मग नोकरी बँकेत असो की शाळेत.

माझं वर्कशॉप म्हणजे घरामागचं आठ बाय दहाचं टिनाचं शेड, जिथे उन्हाळा सोडला की कूलर ठेवतात. त्यामुळे पावसाळ्यात एका कोपऱ्यात कूलर आणि एका कोपऱ्यात मी. इथे जे काही आहे ते चार वर्षांत एकेक करून जमवलेलं आहे, आणि काय जुनं घ्यायचं, काय नवंच घ्यायचं हे कळायला त्यातली दोन वर्षं गेली.

गल्लीत एक काका आहेत, हिंगण्याच्या एमआयडीसीत फिटर म्हणून रिटायर झालेले. मी ड्रिल मशीन घ्यायचं म्हणून त्यांना विचारायला गेलो तर म्हणे, "पयले व्हाईस घे बाबू. वस्तू धरताच आली नाही तं कापशील कशी?" आणि पुढच्या शनिवारी स्वतः सोबत आले.

(गंजलेला चार इंची व्हाईस, जवळून.)

हा तोच व्हाईस, वस्तू जबड्यात आवळून धरणारा शिकंजा. काकांनी भाव विचारायच्या आधी तो उलटा केला. "खालून पाय. पितळेवाणी रेघ दिसली तं समज फुटलेला जोडला हाये, सोड त्याले." मग खिशातली किल्ली घेऊन ओतीव लोखंडावर टकटक केलं, चांगलं लोखंड खणखणतं आणि आतून तडा असला की आवाज बसका येतो, मडकं घेताना आपण वाजवून पाहतो ना, तसंच. मग हँडल उलटं फिरवून पाहिलं की जबडा हलायच्या आधी किती रिकामं फिरतं. थोडं फिरणारच, पण अर्धा फेरा रिकामा गेला तर आतला नट झिजलेला. शेवटी कागदाच्या दोन पट्ट्या, जबड्याच्या दोन्ही टोकांना एकेक, आवळून ओढून पाहायच्या, दोन्ही सारख्या घट्ट पायजेत. एवढं सगळं दहा मिनिटांत झालं आणि दुकानदार भाऊ शांतपणे चहा पीत होते, त्यांना अशा गिऱ्हाईकाची सवय असावी. गंज होता भरपूर. काका म्हणाले वरचा गंज पाहायचाच नाही, तो निघतो, झीज निघत नाही.

आणि खरंच निघाला. सुटे पार्ट लिंबूफुलाच्या (सायट्रिक ॲसिडच्या) पाण्यात रात्रभर, सकाळी तारेच्या ब्रशनं घासून, थोडा खायचा सोडा टाकलेल्या पाण्यातून काढून, लगेच उन्हात वाळवून तेलाचा हात. लगेच म्हणजे लगेच, कारण उघडं पडलेलं ओलं लोखंड तासाभरात पुन्हा तांबूस व्हायला लागतं.

रंध्याची गोष्ट जरा जास्त सांगतो कारण जुनं घेण्यात सगळ्यात जास्त मजा मला तिथेच येते. लोखंडी रंध्याची जी रचना आज आपण पाहतो ती मूळ अमेरिकेतल्या लिओनार्ड बेलीची, 1869 मध्ये स्टॅनले कंपनीनं त्याचे हक्क घेतले, पुढे इंग्लंडच्या रेकॉर्ड कंपनीनं त्याच पद्धतीचे बनवले आणि आपल्याकडे अनंत कंपनीचे रंधे त्याच घराण्यातले. दीडशे वर्षांत मुख्य मांडणी फारशी बदललीच नाही, म्हणून जुन्या सांगाड्यात नवं पातं बरेचदा बसतं, मोजून घेतलं की झालं. माझा चार नंबरचा आहे, पातं दोन इंची. घेताना दोनच जागा नीट पाहिल्या. एक, तोंड, म्हणजे तळाची ती फट जिथून पातं डोकावतं, तिथून बाजूच्या भिंतीकडे तडा गेलेला नको, कारण हा माणसाच्या हातून खाली पडतो आणि फुटतो तो तिथेच. दोन, पात्याची सपाट पाठ. पुढची उतरती बाजू कितीही खराब असली तरी घासून नवी करता येते, पण पाठीवर धारेजवळ गंजाचे खड्डे असले तर कितीही धार लावा, प्रत्येक खड्ड्याशी धार तुटलेली राहते आणि लाकडावर रेघा उमटतात. आणि टोक निळं पडलेलं असेल तर कुणीतरी ग्राइंडरवर तापवून त्याचं पाणी उतरवलंय, ते पातं मऊ झालं. पटाशीलाही हेच लागू.

पण नवी पटाशी घेतली म्हणून सुटका नाही, डब्यातून निघालेली नवी पटाशी थेट कामाची नसते. जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवून आधी पाठ सपाट करायची, मग धार, मी साधारण तीस अंशावर लावतो. लकडगंजातून आणलेल्या सागाच्या तुकड्यावर आडव्या रेषांवर स्वच्छ चालली की समजायचं तयार झाली.

(टेबलावर एक जुनं ड्रिल, वायर कापलेली.)

आता हे. हे मी मुद्दाम फेकलं नाही. सेकंडहँड, लोखंडी बॉडीचं, वजनदार, हातात घेतल्यावर वाटलं आजकाल असा माल कुठे मिळतो. दुकानात लावून दाखवलं, घूं करून फिरलं, मी खूश. त्याला कुणीतरी दोन पिनची वायर लावली होती आणि मी ते पाहूनही पाहिलं नाही. ऑगस्टचे दिवस, शेडची फरशी ओलसर, पायात साधी स्लीपर, आणि चालू केल्या केल्या कोपरापर्यंत असा झटका बसला की ड्रिल हातून सुटलं म्हणून वाचलो. आतली जुनी वायर बॉडीला लागत होती. लोखंडी बॉडीच्या मशीनला अर्थिंग पायजेच, तीन पिनच पायजे, दोन पिन फक्त त्यांनाच चालते ज्यांच्या पट्टीवर चौकोनात चौकोन असं डबल इन्सुलेशनचं चिन्ह असतं. मला हे शाळेत शिकवलं होतं हो. त्या आठवड्यात इलेक्ट्रिशियनला बोलावून शेडच्या लाइनवर तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, बसवली, आणि बिनअर्थिंगचं काहीही जुनं मशीन आता घरात येत नाही.

म्हणून विजेवर फिरणारं मी नवंच घेतो, बिल आणि वॉरंटीसकट, इतवारीत लोहा ओळीत जाऊन. ऑनलाइन कधीकधी स्वस्त मिळतं, पण लोहा ओळीत मशीन हातात घेऊन पाहता येतं आणि मोटारीतले झिजणारे कार्बन ब्रश मिळतील का हे तिथेच विचारता येतं, आणि माझ्या मते ज्याचे ब्रश गावात मिळत नाहीत ते मशीन कितीही भारी असो, घेऊ नये.

ग्राइंडरबद्दल तर मी कुणाचं ऐकत नाही. जुना ग्राइंडर विकायला येतो तेव्हा त्याचं गार्ड बहुतेक गायब असतं, आणि सोबत "ह्या डिस्का फुकट घ्या" म्हणून चार डिस्का देतात. त्या घेऊ नका. चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे मारतो, कटिंग डिस्कच्या मधल्या कड्यावर मुदतीची तारीख छापलेली असते, ओल खाल्लेली किंवा पडून चिरलेली डिस्क त्या वेगाला फुटली की तुकडे थेट तोंडाकडे येतात. आणि ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी ब्लेड लावणारे लोक आपल्या आजूबाजूलाच आहेत, कृपा करून त्यांना थांबवा, ते ब्लेड लाकडात अडकलं की मशीन हातातून उडतं.

काटकोन पाहायचा गुण्या मात्र जुना नवा काहीही घ्या, फक्त पेन्सिल सोबत न्या. सरळ कडेला लावून रेघ मारायची, गुण्या पलटवून त्याच जागी दुसरी रेघ. दोन्ही एकावर एक बसल्या तर बरोबर, फाकल्या तर जितक्या फाकल्या त्याच्या निम्मी चूक. दुकानात पुठ्ठ्यावर करून पाहिलं तर कुणी काही म्हणत नाही.

आपल्या मे महिन्याचं पण सांगायला पायजे. पंचेचाळीसच्या वर पारा गेला की लाकूड आकसतं, हातोडीचं डोकं दांड्यावर हलायला लागतं. पाण्यात भिजवून ठेवलं की दोन दिवस घट्ट, मग पुन्हा तेच. मी दांड्यांना जवसाचं तेल चोळतो, विदर्भात त्याची काय कमी, एकदा मुरलं की लाकूड लवकर तडकत नाही, डोकं हलत असेल तर पाचर नवी ठोकतो. पण तेल पुसलेली चिंधी चुरगाळून टाकू नका, जवसाचं तेल सुकताना गरम होतं आणि बोळा केलेली चिंधी आपोआप पेटू शकते, तीही नागपूरच्या उन्हात, टिनाच्या शेडमध्ये. पसरून बाहेर वाळवा, मगच फेका.

(शेड. व्हाईसमध्ये धरलेली सागाची फळी, रंधा चालतोय.)

सध्या आईसाठी पाट चाललाय, गुडघ्यांमुळे नेहमीपेक्षा चार बोटं उंच. पायांना भोकं पाडायला हातानं फिरवायचं गिरमिट पायजे, ते काही मागच्या दोन शनिवारी मिळालं नाही, एक होतं पण त्याचे जबडे झिजलेले, बिट धरतच नव्हतं. उद्या पुन्हा जातोय, काका पण येतो म्हणालेत.